जप्त केलेला विम्याचा कागद

बाकीची प्रकरणं आठवायला मला डायरी उघडावी लागते. हे एक आपणहून येतं, बहुधा जेवताना. आजवर मी ते घरीही सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी मी यवतमाळात सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी लोहारा वस्तीतली एक बाई ठाण्यात आली. शेजारच्या घराबद्दल सांगायचं होतं, पण लिहून द्यायला तयार नव्हती.

"साहेब, बाजूचा बुढा दोन महिन्यांपासून दिसून नाही राह्यला. पोट्टी म्हणते, तब्येत बरी नाही, आत झोपून हाये. पण रोज सकाळी त्याचं धोतर वाळू घालते."

"मग आहे ना माणूस घरात."

"नेसलेलं धोतर मळते, साहेब. हे रोज तेच, अन् रोज कोरं. कोणी नेसलंच नाही तं धुते कायले?"

आमचे म्हातारे हवालदार म्हणाले, "मावशी, तुमाले तं खात्यातच भरती करा लागते."

आम्ही गेलो. टिनाच्या दोन खोल्या. म्हातारा औद्योगिक वसाहतीत चौकीदार होता; पतसंस्थेकडे जागा गहाण ठेवून त्यानं त्या बांधल्या होत्या. तिशीची मुलगी तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायची. घरात तिसरं कोणी नव्हतं. आधी म्हणाली, बा झोपला आहे. आतली खोली रिकामी निघाली, तेव्हा म्हणाली, आत्याकडे गेला. दोन जबाब, दोन्ही वेगळे. पोलिसाला एवढं पुरतं.

कपाटात कर्जाची फाइल सापडली. तिच्यात विम्याचा कागद होता: कर्जदार मरण पावल्यास उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल. मला वाटलं, हेतू मिळाला. पंचनामा केला, फाइल जप्त केली. गुन्हा दाखल नव्हता, तरीही केली.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते, हे मला ठाऊक होतं. मी तिला तीन दिवस सकाळी नऊ ते सहा ठाण्याच्या बाकावर बसवलं. कारखान्यानं तेवढी रोजी कापली.

"बापाला कुठं ठेवलंस?"

"आत्याकडे गेला, साहेब."

"विम्यासाठी केलंस ना?"

"कसला इमा?"

खोटं बोलणारा माणूस उत्तरं देतो, तुम्हाला उलट प्रश्न विचारत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी शिकलो होतो. तरी त्या दिवशी तिचा प्रश्न मला नाटक वाटला.

तिसऱ्या दिवशी हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, आत्या कोन्त्या गावची, हे तं कोणी इचारलंच नाही."

पुसदकडच्या एका तांड्यावरची. मुलीलाही जीपमध्ये बसवून तिथं नेलं. आत्या आम्हाला नाल्याकाठी घेऊन गेली आणि जिथं भावाला अग्नी दिला ती जागा दाखवली. तो तिच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. छातीत कळ आली, ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथंच गेला. डॉक्टरांची नोंद होती, सगळा तांडा साक्षीदार होता. मृत्यूचा दाखला मात्र मुलीनं काढलाच नव्हता.

"लपवलंस कशाला?"

"कंपनीतली एक म्हणे, कर्जवाला मेला का सारं कर्ज एकदम भरा लागते, नाही तं घराले कुलूप. म्हणून बाले जितं ठेवलं. हप्ता त्याच्या नावानं भरून राह्यली होती मी."

तिथंच सांगायला हवं होतं, की बाई, तुझं कर्ज फिटण्याचा कागद माझ्या कपाटात आहे. नाही सांगितलं. फाइल परत करायची तर ती का जप्त केली हे लिहावं लागलं असतं, आणि ते तीन दिवसही वर आले असते. महिनाभरानं गुपचूप देऊ, असं मनाशी ठरवलं. तिला म्हणालो, "दाखला काढून घे."

तिनं दाखला काढला. मग फाइल मागायला ठाण्यात आली. "साहेब इम्याचं काही म्हणत होते. पतसंस्थेवाले म्हणतात, असल कागद आणा, त्याले मुदत असते." मी आतल्या खोलीत होतो, दाराआडून सगळं ऐकू येत होतं. साहेब बंदोबस्ताला गेलेत असं सांग, अशी खूण मी टेबलावरच्या मुन्शीला केली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा तेच उत्तर.

बदली झाली तेव्हा चार्ज देताना तो कागद हाती आला. मुदत उलटून गेली होती. मी तो इतर कागदांच्या खाली सरकवला. पुढं हप्ते थकले म्हणून पतसंस्थेनं घर विकल्याचं हवालदारांकडून कळलं. माझ्याकडे न बघता सांगितलं त्यांनी.

मागल्या वर्षी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. चौकशी करत बाभुळगावला गेलो. ती एका वसतिगृहात स्वयंपाक करते. मला ओळखलं, बसायला पाट दिला.

"माहीच चूक, साहेब. मी लपवलं, म्हणून मुदत गेली," ती आपणहून म्हणाली.

"नाही. तू दोनदा आलीस तेव्हा मुदत होती. मी आत बसलेलो होतो."

तिनं गॅस बंद केला.

"बा गेला तं मी घरी येऊन रडली बी नाही, साहेब. शेजारी आयकतीन म्हणून. तवाच रडली असती तं घर राह्यलं असतं?"

"हो."

"हे कोणाले सांगतलं का तुमी?"

"नाही."

"मंग सांगा."

म्हणून लिहितो आहे. घरातलं कर्जदार माणूस गेलं, तर ते लपवू नका. दाखला घेऊन आधी कर्ज देणाऱ्याकडे जा, विमा होता का विचारा, आणि जे सांगतील ते लेखी मागा. कर्जदार गेला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी घराला कुलूप ठोकत नाही. वारस हप्ते पुढं चालू ठेवण्याचं बोलू शकतो. हे सांगायला मला तेव्हा दोन मिनिटं लागली असती. पोलिसाकडे बातमी येते ती संशयाच्या रूपात, आणि संशय फिटला की आम्ही उठून जातो. त्या घरचं दुःख आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

कागदोपत्री ते प्रकरण 'नैसर्गिक मृत्यू, संशय नाही' या शेऱ्यावर बंद आहे. शेरा माझ्याच अक्षरात आहे.