माझ्या मापाची सीट

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी दोन दारांची, लाल, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. बँकेने बदली करून चेन्नईत टाकलं, वेलचेरीला फ्लॅट झाला, आणि तोवर स्वतःसाठी मी साड्यांपलीकडे काही घेतलं नव्हतं. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात रणगाड्यांचे सुटे भाग तपासतो, पण स्वतः साधी स्कूटरही चालवत नाही. म्हणजे गाडी माझी, एकटीची. तिच्यात बसले की माझ्याकडे कुणाचं काही काम नसायचं.

वर्षभरात कमरेने दगा दिला. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत जायची, आणि क्लच नेमका डाव्या पायाशी. या गाड्यांत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसून पाय लांब करायचे. डॉक्टर म्हणाले, "विकून टाका, उंच गाडी घ्या." त्यांचं काय जातंय म्हणायला! शरीर बदलत नसेल तर सीट बदलू, असं मी ठरवलं.

अंबत्तूरला बस-लॉऱ्यांच्या सीट बनवणारे एक म्हातारे कारागीर मिळाले. त्यांची पद्धत वेगळी होती. टेप लावायचीच नाही. सीटच्या सांगाड्यावर मऊ फोमचे थर ठेवायचे, माणसाला अर्धा तास बसवायचं, मग जिथे जिथे फोम दबला तिथे खडूने खुणा करून सुरीने कोरायचं.

"अम्मा, नेहमी बसता तशा बसा," ते तमिळमध्ये म्हणाले. "सरळबिरळ बसू नका."

मी बसले. नेहमीसारखी. कित्येक महिने डावी बाजू वाचवायला मी उजवीकडे कलून बसत होते, आणि तेच माझं नेहमीचं बसणं झालं होतं, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. त्यांनी मन लावून खुणा केल्या.

आठ दिवसांनी सीट तयार झाली. त्यांनी नव्या गाडीसारखी चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला ती चिरडत गाडी पुढे घ्यायला लावली. अंबत्तूर ते वेलचेरी, एवढ्या ट्रॅफिकमध्ये, एक कळ आली नाही. गिंडीच्या सिग्नलला मी चक्क रडले. इतकं सुख झालं होतं.

दोन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंनी मला आरशापुढे उभं केलं. उजवा खांदा खाली उतरला होता. "तुम्ही बसता कशावर?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानाने त्यांना खाली गाडीपाशी नेलं. त्यांनी सीटवरून हात फिरवला. उजवीकडे दोन बोटं खोल खड्डा होता.

"तुमचं दुखणंच कोरून घेतलंत की हो!" त्या म्हणाल्या.

कारागिरांना फोन केला. बिचारे हळहळले, म्हणाले घेऊन या, सपाट करून देतो. मी तीनदा दिवस ठरवला आणि तिन्ही वेळा गेले नाही. सपाट जागेवर मला दहा मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं. साऱ्या घरात, बँकेत, पलंगावर दुखायचं. फक्त त्या खड्ड्यात दुखायचं नाही. ते सुख हातचं जाऊ द्यायची माझी छातीच होईना. स्वतःचा संताप यायचा, आणि संध्याकाळी मी पुन्हा तिथेच जाऊन बसायचे. डावा पाय मात्र हळूहळू बधिर होत चालला होता.

नोव्हेंबरात अतिवृष्टीचा इशारा आला. इशारा आला की आमच्याकडे सगळे आपापल्या गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावतात, कारण तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी भरतंच. माझी गाडी सर्वांत बुटकी, आधी तीच बुडणार. मी खाली जाऊन गाडीत बसले. सीटने नेहमीसारखं सांभाळून घेतलं. किल्ली फिरवली, आणि पाय क्लचवर ठेवला तर तो तिथे आहे हेच कळेना. दोन्ही हातांनी गुडघा दाबून पाहिला. गाडीने गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. मागे हॉर्न सुरू झाले.

वरच्या मजल्यावरचे काका आले. मूळचे तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. "उतरा मा," ते म्हणाले, "मी घेऊन जातों."

माझ्याबरोबर खाली आलेल्या नवऱ्याने दंडाला धरून मला बाहेर काढलं. काका बसले आणि उजवीकडे घसरले. "हें काय मा, सीट वांकडी आहे!"

नवऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, चार घड्या घातल्या आणि माझा खड्डा भरून दिला. गाडी एका दमात रॅम्प चढून गेली. ती दुसरं कुणी चालवताना मी पहिल्यांदाच बाहेरून पाहत होते.