काकडं पिकण्याआधी

मालन टोपली खाली ठेवायच्या आधीच विचारायची, "म्हातारी जेवली का?" म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई, सोनूबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दम्याने खंगलेल्या, आणि शेवळांची वर्षभर वाट बघणाऱ्या. त्या दोघींचं काय जमायचं मला कधी कळलं नाही. एक बोलत असली की दुसरी ऐकत नसे, तरी पायरीवर तासभर गप्पा चालत.

आमची अलोऱ्याची वीजप्रकल्पाची कॉलनी आता अर्धीअधिक रिकामी आहे. उरलेल्या घरांना रानभाजी पुरवायची ती मालनच. वरच्या वाडीतली, पासष्टीची, दोन्ही मुलगे मुंबईला. फटकळ इतकी, की भाव करणाऱ्या बाईला तोंडावर म्हणायची, "तू आपली कोबी खा." पण तिची शेवळं सगळे डोळे मिटून घेत.

शेवळं म्हणजे रानसुरणाचे कोंब. जमिनीतल्या कंदाला पावसाचा ओलावा लागला की ते वर येतात. चव अशी की मटण बाजूला ठेवावं, पण नुसतीच शिजवली तर घशाला खाज सुटून जीव नकोसा होतो. त्यावर उतारा काकडांचा. काकड हे रानातलं झाड, त्याची फळं आवळ्यासारखी हिरवी आणि आंबट. त्यांचा रस घातला की खाज मरते. दोन्ही एकाच वेळी मिळायची, म्हणून मालन पळसाच्या पानात शेवळं बांधताना काकडंही त्यातच बांधायची. खाज चिंचेनेही मरते, पण चिंच घालून शेवळं करणारी बाई तिच्या लेखी आळशी. शिवाय तिचा एक नेम होता: मोसमातली पहिली भाजी स्वतः करून खायची आणि मगच विकायला निघायचं.

पाच-सहा वर्षं तीच सांगत होती, "वैनी, शेवळं शानी झालीत. रोहिणीची वाट बगत नायत. कवा पन पाऊस पडूदे, उठतात." सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या कडेची शेवळं कमी होत गेली आणि ओढ्याकाठच्या सावलीत नवी दिसू लागली, हेही तिनेच हेरलं होतं. मी हसायचे. म्हणायचे, मालनबाई आता झाडांच्या मास्तरीण झाल्या.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीलाच चार दिवस पाऊस कोसळला. पुढच्याच आठवड्यात मालन दारात. सासूबाई तर तिची हाक ऐकूनच पायरीवर येऊन बसल्या. मी पानाची पुडी सोडली. शेवळं छान कोवळी होती. काकडं मात्र वाटाण्याएवढी, दगडासारखी.

"मालन, ही कच्ची आहेत गं."

"झाडाला घाई नाय ना वैनी. शेवळं पावसानं उठली, काकड आपल्या टायमालाच पिकनार. चार जास्त घातलीत. आनि मी आदी खाल्लंय, काय नाय झालं."

"तिनं खाल्लंय म्हणतेय ना?" सासूबाई माझ्यावरच खेकसल्या. "मग तू काय चिकित्सा करत बसलीस!"

फडताळात चिंचेचा गोळा होता. हात तिकडे गेलाही. पण चिंच घातलेली सासूबाईंना पहिल्या घासाला कळली असती, आणि मालनच्या कानावर गेल्याशिवाय राहिली नसती. मी फडताळ लावून घेतलं. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी घालून भाजी केली.

आमच्याकडे पहिलं पान सासूबाईंचं. "जरा चावतंय," म्हणाल्या, आणि खातच राहिल्या. वर्षभर वाट बघितलेली भाजी, दोन वाट्या संपवल्या. अर्ध्या तासात जीभ तोंडात मावेना. चिपळूणला नेईपर्यंत श्वासाची शिट्टी वाजत होती. चौथ्या दिवशी त्या गेल्या. कागदावर दमा आणि वय लिहिलं गेलं. कॉलनीने मात्र मालनचं नाव लिहिलं. बायका तिला फाटकातूनच परत पाठवू लागल्या आणि मी खिडकीतून नुसती बघत राहिले.

जूनच्या अखेरीस ती आमच्याकडे आली. टोपलीत एकच पुडी. सासूबाईंची पायरी रिकामी सोडून खाली अंगणात बसली. त्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही.

मग म्हणाली, "म्हातारी गेली त्या दिवशी घरी शेवळं केली. काकडं न घालता. ताटभर खाल्ली. कायसुदिक झालं नाय." तिने पदर तोंडाला लावला. "चाळीस वर्सं तंबाकूची मिश्री लावतेय, वैनी. माजी जीब कवा मेली, मला कळलंच नाय. आनि मी खाल्लंय, मी खाल्लंय, म्हनून सगल्या कॉलनीला सांगत फिरले."

मला तिला चार शब्द सुनावायचे होते. दीड महिना ते मनात घोळवले होते. पण चिंचेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मला माझीच किळस आली. मी तिला सांगितलं. चिंच होती, हात गेला होता, मी घातली नाही.

तिने मान हलवली. मग पुडी सोडली. शेवळं कधीच संपली होती. पानात नुसती काकडं होती, टपोरी, रसाने भरलेली.

"आता पिकली," मालन म्हणाली, आणि ती एकेक करून सासूबाईंच्या पायरीवर ठेवू लागली.