बाईंची फुंकर

एखादी वस्तू दिसली की चारचौघांना तिची किंमत दिसते, रंग दिसतो. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंना एवढंच दिसायचं, की ही फुंकरीने हलेल की नाही. बाई स्पीच थेरपिस्ट. मुलांना बोलतं करणं हा त्यांचा पेशा. पण मुलुंडच्या त्यांच्या घरात बोलताना क्वचितच कुणी सापडायचं. सगळे फुंकत असायचे. टेबलावर कापसाच्या बोळ्याचं फुटबॉल, बादलीत कागदी होड्या, पेल्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे, आणि प्रत्येक फुंकरीनंतर बाईंची आरोळी, "परत!" एकदा पिपाण्यांच्या आवाजाची तक्रार घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी तावातावाने वर गेले. बाईंनी त्यांना सरळ चार वर्षांच्या एका पोरासमोर खेळायला बसवलं. गडी सपाटून हरून खाली आला, आणि तक्रार राहिली बाजूला, मलाच विचारतो, "उद्या किती वाजता असतं रे हे?"

बाईंच्या पर्समध्ये पैसे नसले तरी पीस असायचंच. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली की त्या ते बाहेर काढायच्या आणि शेजारच्या मुलाबरोबर फुंकून फुंकून हवेत ठेवायच्या. एकदा मीही सोबत होतो. थोड्या वेळाने रिक्षावालाच मागे वळला, "मॅडम, अब मेरी बारी." सिग्नल सुटला, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि आमचा सारथी मान वर करून पीस तरंगवतोय! मी कपाळावर हात मारून घेतला.

मी तसा जात्याच खवट. त्यात आमची ओवी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची, नाही मिळालं तर जमिनीवर लोळायची. कान तपासून झाले, ते ठणठणीत. आई तिच्या मालवणीत म्हणायची, "तू पण उशिराच बोललंस." पण मी पार घाबरलो होतो. बागेत इतर पोरं बापाला हाका मारायची, ते ऐकवायचं नाही मला. मग ओवी बाईंकडे जायला लागली आणि घरी येऊन वरणावर, आरशावर, माझ्या टकलावर फुंकायला लागली. शब्द मात्र नाही. शेवटी मी भडकलोच. "बाई, फुंकून कधी शब्द येतात का हो?"

"नाही येत," बाई म्हणाल्या. "पण फुंकताना ती माझ्याकडे बघते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. बोलणं तिथून सुरू होतं. बसा, आता तुमची पाळी."

त्या वर्षी गणपतीत बाई आरतीला आल्या होत्या. आईने पंचारती ओवाळून ओवीसमोर धरली. ओवीने पोट फुगवलं आणि एका दमात पाचही वाती विझवल्या! दिवा तोंडाने फुंकू नये, हे आमच्या घरात ब्रह्मवाक्य. झांजा थांबल्या. सगळे बाईंकडे रागाने बघायला लागले, बाई जमिनीकडे. आणि त्या शांततेत ओवी आजीकडे बघून खणखणीत म्हणाली, "परत!"

आईने काडेपेटी घेतली, पाचही वाती पुन्हा लावल्या आणि पंचारती ओवीपुढे धरली. "फुक गो बाय. बाप्पाक सगळा कळता."

मी तर ढसाढसा रडलो.

आता ओवी दुसरीत आहे आणि तिचं तोंड मिटत नाही. यंदा बाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी श्वासासाठी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं. त्यात नळीने हवा आत ओढून त्या गोळ्या वर उचलायच्या असतात. बाई आपल्या सवयीने फुंकतायत, आणि गोळ्या ढिम्म.

"बाई, फुंकू नको! आत ओढ!" ओवी पलंगावर मांडी घालून हुकूम सोडत होती. बाईंनी ओढलं. एकच गोळी जरा उचलली आणि खाली बसली. बाईंना धाप लागली, त्यांनी नळी बाजूला ठेवली. एवढ्या पोरांना फुंकर वाटली या बाईने, आणि तिलाच श्वास पुरू नये? मला बघवेना.

ओवीने मात्र बाईंचा श्वास शांत होईपर्यंत वाट बघितली, मग नळी पुन्हा त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "परत!"