धोंड्याच्या वाणातला गिअरबॉक्स

हैदराबादच्या मलकपेठेत कुणाला गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा असला की प्रतापदादाचंच नाव निघायचं. बत्तीस वर्षं तेच काम, दुकान घराच्या खालीच. पण दादाची एक खोड. गाडी कोणत्या रस्त्यानं चालते ते बघितल्याबिगर कोणता गिअरबॉक्स ते सांगायचाच नाही. गिऱ्हाईक नवाब का असंना, दादा त्याच्या बाजूला बसून त्याच्या हापिसापर्यंत जाणार, मग तोंड उघडणार. कितीजणांना त्यानं तोंडावर "नक्को मियाँ" म्हणलं, अन् लोक ऐकायचे.

नक्को म्हणता आलं नाही ते एकट्या जावयाला.

लेकीच्या, त्रिवेणीच्या नवऱ्यानं, विक्रमनं, गाडीचं इंजिन वाढवून साडेचारशे हॉर्सपॉवरचं करून घेतलं. जुना गिअरबॉक्स त्या जोरापुढं टिकणार नव्हता. दादा त्याच्यासंगं हायटेक सिटीपर्यंत जाऊन आला. जायलाच दोन तास.

आल्यावर म्हणला, "विक्रमराव, खाली एक जड गिअरबॉक्स काढून ठेवलाय, तो घ्या. जरा सावकाश बदलतो, पण जोर झेलतो."

"मामा, म्हाताऱ्याची चाल आहे त्याची. मला दोन क्लचवाला पाहिजे. पापणी लवायच्या आत गिअर पडतो."

"पडतो ना. पण तुम्ही पळायलेत कुठं? रांगायलेत. रांगताना त्याचा क्लच घासतो, तापतो, जळतो."

विक्रम नुसता हसला.

धोंड्याचा महिना होता. जावई जेवायला बसलेला. दादाच्या बायकोनं, पद्मावतीवहिनीनं ताटात अनारसे वाढले, वाणाची चांदीची वाटी पुढं केली. त्यानं वाटी सारली बाजूला. "वाण द्यायचं तर मी म्हणतो तो गिअरबॉक्स बसवून द्या."

वहिनी दादाकडं बघायला लागली. धोंड्यात जावयाचं वाण कोण मोडतं?

"बसवतो," दादा म्हणला. बस, एवढंच.

बसवला तो जीव ओतून. चौथ्या महिन्यात भर ट्रॅफिकमध्ये जळाला.

विक्रमनं गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, सासऱ्याचा हात गेला आता, तिकडं गाडी देऊ नका. गिऱ्हाईक यायचं बंद झालं. वहिनी म्हणायची, "खरं काय ते सांगा की लोकांना." दादा म्हणायचा, "पोरीला त्याच घरात नांदायचंय." मग खाली जाऊन तो जड गिअरबॉक्स फडक्यानं पुसत बसायचा. दुसरं काम राहिलंच नव्हतं. एका सकाळी तिथंच, बसल्या जागी गेला. फडकं हातातच होतं.

तेराव्याला विक्रम आला. पोटभर जेवला. हात धुता धुता विचारलं, "मामी, तो जड गिअरबॉक्स आहे का अजून?"

वहिनीनं दुकानाची किल्ली त्याच्यापुढं ठेवली. "आहे ना. तुमच्यासाठीच काढून ठेवला होता त्यांनी. न्या."

विक्रम खाली गेला. एकट्याच्यानं तो जागचा हलेना. वर येऊन पंगतीकडं बघितलं त्यानं, दहा-बारा माणसं होती. कुणी उठलं नाही. त्रिवेणी खरकट्या पत्रावळी उचलत राहिली.