खिळ्यावरची काचेची नळी

ताई गेल्याचा फोन तिच्या दिराने केला. "वहिनी गेल्या बाप्पा... लय सोसलं त्यायनं." त्याच्या तोंडून ‘सोसलं’ ऐकलं आणि रडण्याच्या आधी मला रागच आला. महिना उलटला, अजून उतरलेला नाही. उतरू नये अशीच माझी इच्छा आहे.

ताई देवळीला कापडदुकानवाल्यांकडे दिलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिचे सांधे धरले. सकाळी पाण्याचा गडवाही उचलेना, दुपारी बोटं जरा मोकळी व्हायची. दिराने नेमकं तेच पकडलं. "कामाच्या टायमाले बिमार, जेवाच्या टायमाले चांगल्या! नाटक करून राह्यल्या." तिचा नवरा गरीब गाय, भावापुढे ब्र काढायचा नाही. मी शहाणा भाऊ. रोहण्याहून एक जालीम तेल आणलं. ताईचे सांधे सुटले नाहीत, चोळणाऱ्या माझ्या तळहातांची सालं मात्र निघाली.

शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी आमवाताची शंका घेऊन रक्ताचा ईएसआर तपासायला सांगितला. ताई म्हणाली, "भाऊजी, तुमचंही रक्त लावा माह्या बाजूले. नाटक असन तर तिथंच दिसन." तिला उघडं पाडायला तो हौसेने आला. मर्दानगीच्या भरात मीही बाही वर केली, आणि सुई पाहताच बाकाखाली गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा स्टँडला दोन बारीक नळ्या उभ्या होत्या. अंगात दाह जितका जास्त, तितके तांबडे कण झपाट्याने खाली बसतात. तासाभरात दिराचं रक्त जेमतेम हललं; ताईचं निम्म्याच्या खाली, वर नुसतं पिवळं पाणी.

"काऊन भाऊजी, रक्त बी नाटक करते काय?"

दीर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

तशी एक कोरी नळी ताईने मला मागायला लावली. पहिली मी मागच्या खिशात घालून एसटीत बसलो... जाऊ द्या. दुसरी तिने स्वयंपाकघरात, दिराच्या पाटासमोर खिळ्याला टांगली. तो खोचक बोलला की ती नुसती तिकडे बघायची. त्याचा घास तोंडातच फिरायचा. पुढे गोळ्या लागू पडल्या, दर तपासणीला आकडा उतरत गेला. मी म्हटलं, "आता तरी काढ ती."

"रक्त शांत झालं रे," ती म्हणाली, "मी नाई झाली."

परवा गेलो तर खिळा रिकामा. दीर म्हणाला, "आता कोणाले दाखवाची आहे?" नळी फडताळात, जुन्या वाट्यांमागे सापडली. स्टुलावरून एकदा पडलो, पण नळी वाचवली. सदऱ्याने पुसली, टांगली. दिराचं ताट वाढलेलंच होतं. मी ताईसारखं नळीकडे बघितलं आणि तिच्याच सुरात म्हणालो, "बसा भाऊजी... सावकाश जेवा."