शेवंताबाईंची झील

चौथ्या टेकलाही शेवंताबाईंनी ओळ उशिराच उचलली. टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. काचेपलीकडे त्या दोन्ही हातांनी हेडफोन दाबून उभ्या होत्या. अलीकडे आमचे मालक, सानेसाहेब, घड्याळ बघत होते.

नारायण पेठेतल्या एका तळघरात आमचा स्टुडिओ होता आणि मी तिथला साउंड रेकॉर्डिस्ट. कॅसेटी जाऊन सीडी येत होत्या. आमच्याकडेही नुकताच कंप्युटर आला होता.

कांबळेकाका आणि शेवंताबाई हे नवरा-बायको तीस वर्षं जयंतीच्या मांडवात जोडीनं भीमगीतं गायचे. काका ओळ टाकायचे, बाई ती उचलून पुढे न्यायच्या. त्याला झील धरणं म्हणतात. त्यांची लेक प्रज्ञा हिंजवडीत सॉफ्टवेअरला लागली आणि तिनं दोघांचा अल्बम काढायचं ठरवलं. काकांनी रचलेली सात गाणी आणि बाईंच्या माहेरची तीन जुनी. घाई होती, कारण काकांच्या घशात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. आवाज राहील की नाही, हे डॉक्टर काही सांगेनात.

म्हणून काकांचा आवाज आधी एकट्याचा घेतला. बाईंचा नंतर घेऊन जोडायचा होता. काका ओळ संपली की असा श्वास ओढायचे की तो स्पीकरमधून भात्यासारखा ऐकू यायचा. मी दोन दिवस बसून एकेक श्वास कापला. नवीन कंप्युटरची हौस, दुसरं काय! वर शहाणपणा असा, की डिस्क लहान म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

आणि आता बाईंचं काही जमेना. मोजायला सोपं जावं म्हणून मी त्यांच्या कानात टिकटिक लावून दिली, तर त्या आणखीच चुकल्या.

"बाईंना लय नाही," सानेसाहेब म्हणाले. "आपली कोरसवाली बोलवा."

ते सांगायला मी आत गेलो.

"दादा, रागावणार नसाल तर एक विचारू?" मी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या. "हे ह्यात श्वासच घेत नाहीत. ओळ टाकून ते श्वास ओढतात ना, त्यावर मी उचलते. मोजलं कधीच नाही हो."

दोन दिवस मी नेमकं तेच कापत बसलो होतो. मी सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी कालपासून त्यांचं गाणं बंद केलं होतं. त्यांनाही मी झालेलं सांगितलं, माफी मागितली. ते हळू आवाजात म्हणाले, "गायला बंदी हाय. श्वासाला नाही ना?"

त्यांना आत नेऊन बाईंसमोर बसवलं. दोघांच्या कानात काकांचाच आवाज सोडला. ओळ संपली, काकांनी श्वास ओढला आणि बाईंनी अश्शी उचलली की मी चाट पडलो. दुसऱ्या गाण्यापासून बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण झील कुठं चुकली नाही. मला तर समोरचं नीट दिसेना.

"रडताय काय?" सानेसाहेब मला म्हणाले. "काकांसमोर पण माईक लावा." घड्याळाकडे ते आता बघत नव्हते.

संध्याकाळपर्यंत दहाही गाणी झाली. अल्बममध्ये ते श्वास तसेच आहेत.

ऑपरेशन नीट झालं. काका वाचले, आवाज गेला. पुढच्या जयंतीला मी मुद्दाम गेलो. काकांच्या ओळीही बाईच म्हणत होत्या. ओळ संपली की थांबायच्या, समोर बसलेले काका श्वास ओढायचे, मग बाई पुढची उचलायच्या.

तेव्हापासून मी मूळ रेकॉर्डिंग पुसत नाही. आणि आवाजातला कचरा कोणता, ते आधी गाणाऱ्याला विचारतो.