अप्पांच्या काचा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, घाईचा मनापासून राग होता. पुण्याहून आमच्याकडे ख्राइस्टचर्चला यायचे ते लोणच्याऐवजी लाकडी कॅमेरा घेऊन. एकोणिसाव्या शतकात चर्चचा गाभारा जसा काचेवर टिपत, तसाच टिपायचा हा त्यांचा नाद. त्यासाठी आमच्या कपडे धुवायच्या खोलीची डार्करूम झाली. रसायनांचे काळे डाग ओट्यावर, टॉवेलांवर, एकदा तर माझ्या ऑफिसच्या शर्टावर. कुरकुर केली की म्हणत, "डाग जातील गं, फोटो राहतील." डाग गेले नाहीत.

ड्रायव्हर अर्थातच मी. भूकंपानंतर डागडुजीवर चाललेलं एक दगडी चर्च आता पाडायचं ठरलं होतं. दर शनिवारी आम्ही तिथे. आत हाडं गोठवणारी थंडी, आणि अप्पांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं की ते परत लागेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, कुणी हलायचं नाही. "फ्लॅश मारा ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"देवाच्या घरी आपला उजेड न्यायचा नसतो, मेधा. तिथे असेल तो घ्यायचा."

शेवटच्या शनिवारी झाकण निघालं आणि जोनआजी आत आल्या. वेदीवर फुलं ठेवायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. मी अडवायला निघाले. अप्पा म्हणाले, "येऊ दे. चालणारं माणूस काचेवर उमटत नाही."

पण आजी पुढच्या बाकावर बसल्या. लग्न इथलं, नवऱ्याला निरोपही इथूनच दिलेला. काचेला उजेड द्यायचा वेळ संपला. मी घड्याळ दाखवलं, अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आजी उठल्या तेव्हाच झाकण लागलं.

फोटोत जास्तीच्या उजेडाने खिडकी जळून पांढरीफटक, पण बाकावर आजींची पाठ स्पष्ट. "काच वाया गेली," अप्पा पुटपुटले, आणि त्याच संध्याकाळी तो प्रिंट आजींना द्यायला मला गाडी काढायला लावली.

आजींनी तो घरात खिडकीसमोर, भर उन्हात टांगला. पुण्याला परतल्यावर अप्पांचा प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, "हलवला का? फिका पडेल." शेवटी मी आजींना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "इथे लावला की चहा पिताना दिसतो."

मी ते अप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे. फिका पडला की दुसरा करून देऊ."

ते गेल्या वर्षी गेले. फोटो फिका पडलाच. पुण्याहून येताना नवऱ्याने त्या फोटोची मूळ काच स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. पहिला प्रिंट मी बिघडवला, दुसराही. तिसरा जमला. आजींना नेऊन दिला, तर त्यांनी तो लगेच त्याच खिळ्यावर, उन्हात टांगला.